गाडीला खरचटलंही नाही

१८ नोव्हेंबर १९९३, गुरुवार

लिही. मी चन्नबसम्मा, कैलासवासी चंद्रप्पांची बायको, हे माझ्या तोंडानं सांगते आणि माझी सून गंगम्मा तिच्या हातानं लिहिते. मला अक्षर येत नाही. गंगम्मा सातवी शिकलेली आहे, आणि मी बोलते ते ती शाळेतल्या बाईसारखं सरळ करून लिहिते असा माझा संशय आहे. हेही लिही. लिहिलंस? वाचून दाखव. बरं.

ही डायरी खताच्या दुकानदारानं माझ्या मुलाला, बसवराजला, दिली होती. दिवाळी झाली तरी कोरी पडून होती. मीच मागून घेतली. कारण बसवराजला काही सांगितलं की तो ऐकत नाही, आणि मी सांगितलं तसंच घडलं की म्हणतो, "माय, तू कवा म्हणलीस?" आता काय म्हणले ते तारखेनिशी राहील. गंगम्मा म्हणाली, "आत्याबाई, डायरीत रोजचं लिहायचं असतं." मी म्हणले, रोज काय लिहायचं, वरणात मीठ कमी होतं हे? मग तुझाच हात दुखेल.

तर आज दारात जीप आली. आखूड, बंद, पुढं दोन माणसं आणि मागं दोन बाकडी. जुनीच आहे, परभणीहून आणली. गावातून सोनपेठला एष्टी एक दिवस येते, तीन दिवस येत नाही. कधी बंद असतो, कधी कुठं दगड पडलेले असतात. आमची नंदी आठवीला आहे, तिची निम्मी शाळा फाट्यावर उभं राहण्यात गेली. म्हणून बसवराजनं ठरवलं, गाडी घ्यायची, शाळेची पोरं आणि बाजारची माणसं न्यायची. नंदी रोज पुढं, बापाच्या शेजारी बसणार. ती आत्ताच बसून आली आणि खाली उतरायला तयार नाही.

गंगम्मानं गाडीला ओवाळलं, चाकाखाली लिंबं ठेवली. मी गाडीला एक फेरी मारली. गाडी जुनी आणि रंग इतका नवा कशाला? केसाला कलप लावलेली बाई दिसली की मी आधी तिचं वय विचारते. मी बसवराजला विचारलं, "ही कुठं धडकली होती?"

"माय, कुठं धडकली न्हाई. मालक मास्तर होता. हळू चालवायचा."

मास्तर हळू चालवतो हे मला मान्य आहे. पण मास्तरला लोक धडकत नाहीत का?

२१ नोव्हेंबर

सोनपेठचा वेल्डिंगवाला दिनकरराव आला होता. मोठा माणूस. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करतो, आणि बोलायला लागला की दुसऱ्याचा चहा गार होतो. त्याचं म्हणणं, कंपनीनं गाडीच्या नाकाला लावलेली पट्टी म्हणजे नुसता डबड्याचा पत्रा. ती काढून तिथं जुन्या पुलाचा गर्डर आडवा बसवायचा आणि मागं थेट खालच्या सांगाड्याला जोडायचा. "मावशी, मग समोरून हत्ती आला तरी हत्ती मागं जाईल."

मी म्हणले, "आमच्या रस्त्यानं हत्ती न्हाई येत, म्हशी येतात."

"म्हशीचं तर नावच काढू नका."

बसवराजला ते लय पटलं. मग त्यानं परभणीत ऐकलेली एक गोष्ट सांगितली. गाडी विकणाऱ्या माणसानं त्याला सांगितलं म्हणे, की परदेशात कंपनीवाले कोरी करकरीत गाडी मुद्दाम भिंतीवर नेऊन आदळतात. आत माणसाएवढ्या बाहुल्या बसवतात. मग काय मोडलं ते बघतात.

"बाहुल्या कशाला?" गंगम्मानं विचारलं. ती चहा घेऊन आली होती.

"शोभेला," दिनकरराव म्हणाला, आणि सगळे हसले. मीही हसले. पण मला त्यात वेगळंच दिसलं. जे लोक कोरी गाडी आदळतात, त्यांचा स्वतःच्या लोखंडावर विश्वास नाही. मग मी दिनकररावाच्या लोखंडावर का ठेवावा? गर्डर म्हणून हा आतून पोकळ नळी आणून काळा रंग मारील. आमच्या सासरेबुवांनी एकदा जस्ताची घागर तांब्याची म्हणून घेतली होती, वरचा मुलामा उडाल्यावर कळलं.

२५ नोव्हेंबर

गर्डर बसला. जीप आता शिंगं कापलेल्या रेड्यासारखी दिसते. मी काठीनं ठोकून पाहिला, आवाज भरीव आला. पण आवाजाचं काय, दिनकररावही भरीवच बोलतो.

मी भर अंगणात म्हणले, "दिनकरराव, खरं असेल तर परदेशासारखं करून दाखवा. आदळा."

त्याला वाटलं म्हातारी मागं घेईल. मी घेतलं नाही. तो म्हणाला, "रविवारी आदळतो. पण मोकळी गाडी आदळून उपयोग न्हाई मावशी, वजन पाहिजे आत. तुमी बसता का?"

"मी न्हाई. मी बाहुल्या आणते."

२८ नोव्हेंबर, रविवार

आज जे झालं ते नीट लिही, कारण मी हरले आहे, आणि हरलेलंही तारखेनिशी असावं.

कडूबाई कुंभारणीकडून पाच मडकी आणली. पाण्यानं भरली. माणसांच्या जागी बसवायची, म्हणून प्रत्येकाला डोक्यावर फडकं बांधलं. आता माणसं म्हटल्यावर नावं नकोत का? चालवणाऱ्याच्या जागी मोठा डेरा ठेवला, तो बसवराज. पोट तेवढंच आहे. मागच्या बाकड्यावर दोन घागरी बाजारच्या बायका म्हणून, त्यांच्यात एक दिनकररावाची बायको, कारण ती कधीच कुठं जायला मिळत नाही म्हणून रडत असते. एक लहान गाडगं कोपऱ्यात, ते मी. आणि पुढं, बापाच्या शेजारी, अरुंद तोंडाची एक घागर. ती नंदी. नंदीनं स्वतःच तिला आपली लाल रिबीन बांधली आणि म्हणाली, "आज्जी, हिला कुंकू लाव की." लावलं.

खळ्याच्या उतारावर गाडी नेली. खाली चिंचेचा बुंधा आहे, दोघांच्या कवेत न मावणारा. गाडीत माणूस नाही. पाच-सहा जणांनी मागून रेटा दिला आणि सोडली. अख्खा गाव जमला होता. मी देवाला म्हणाले, महादेवा, एवढा गर्डर वाकव, मी सोमवारी बेल वाहते.

आवाज असा झाला की चिंचेवरची सगळी पाखरं उडाली. आणि गर्डर? काही नाही. केसाएवढा वाकला नाही. रंगाचा टवका उडाला तेवढाच. उलट चिंचेची साल निघाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दिनकररावानं त्या गर्डरवर उभं राहून मिशीला पीळ दिला. "बघा मावशी! गाडीला खरचटलं बी न्हाई!"

बसवराजनं त्याला मिठी मारली. मला म्हणाला, "माय, आता तरी बोलू नगं."

आतली मडकी मात्र सगळी फुटली होती. पाचही. बाकड्यांवरून पाणी वाहत होतं. म्हणजे माझी फजिती ती फजिती, वर मडकीही गेली. कडूबाई म्हणाली, "मातीचंच हाय बाई ते, फुटायचंच."

लोक पांगले तरी गंगम्मा गाडीतच होती. खापऱ्या वेचत होती. मी म्हणले, टाक की त्या उकिरड्यावर, त्यात काय निवडायचंय? तिच्या हातात लाल रिबीन होती. नंदीची घागर काचेखालच्या पत्र्यावर आपटून फुटली होती, कुंकवाचा तुकडा त्या पत्र्याच्या खाचेत अडकून बसला होता. तो तिच्यानं निघेना.

आत्ता हे सांगताना गंगम्माचा हात थांबला. मी विचारलं काय झालं, म्हणे पेन चालेना. पेन तर चांगलं चाललंय.

१ डिसेंबर

आज चुलीपाशी नवरा-बायकोचं चाललं होतं. मी दाराआड शेंगा फोडत होते, ऐकत नव्हते, पण कान काही मी झाकून ठेवत नाही.

गंगम्मा म्हणाली, "नंदीला पुढं बसवू नगा."

"का? पुढं गर्डर हाय. सगळ्यात मजबूत जागा तीच हाय."

"गर्डर मजबूत हाय, म्हणूनच म्हणायलेय. धक्का त्यानं खाल्ला न्हाई, आत लोटला."

"तू आता माझ्या मायचं बघून इंजिनेर झालीस का?"

मग भांड्याचा आवाज.

मला सगळं समजलं. हिला स्वतःला पुढं बसायचं आहे. लेकीशी चढाओढ! बोलून दाखवायची लाज वाटते म्हणून गर्डरचं निमित्त. मान खाली घालून लिहितेस, पण कानाची पाळी लाल झालेली मला दिसते.

५ डिसेंबर

माझा पलंग. हा पलंग नवारीचा आहे, सुताच्या रुंद पट्टीनं विणलेला. नवार आमच्या यजमानांनी राणीसावरगावच्या विणकराकडून मुद्दाम करवून घेतली होती, काठाला निळी रेघ. एका जागी हळद सांडलेली आहे, नंदी झाली तेव्हाची.

आज दुपारी आडवी झाले तर पायाकडचा भाग खाली गेला. मी अशी झोपले की डोकं वर आणि पाय पाताळात. उठून हात फिरवला. पायाकडची नवार नाही! उरलेली सैल करून ओढून बांधलेली.

घरात चोर आहे. बाहेरचा चोर पलंगाची नवार नेत नाही. मी गंगम्माला विचारलं. म्हणाली, "जुनी झाली होती, उंदरानं कुरतडली असंल."

उंदीर कुरतडतो, उरलेल्याला गाठ मारून जात नाही.

८ डिसेंबर

गादीतला कापूस कमी झाला आहे. दाबून पाहिलं. एका कोपऱ्यात ताजा टाका. आमच्या घरात असा बारीक टाका एकीलाच येतो. तीच ही. तूच.

माझा अंदाज लिही. हिचा भाऊ राणीसावरगावला नवीन घर बांधतो आहे. माझी नवार आणि माझा कापूस माहेराला चालला आहे. परवा ही सोनपेठला सुई-दोरा आणायला गेली आणि दिवस कलताना आली. सुई-दोरा आमच्या गावातही मिळतो. मी तोंडावर म्हणले, "माझ्या माघारी खुशाल ने, गंगे. मी जित्ती असताना पाठीखालून ओढू नगं."

तिनं काय केलं असेल? हसली. आणि हे सगळं, तिच्या माहेरासकट, काना-मात्रा न चुकवता लिहिते आहे. अशा बाईची मला भीती वाटते.

१२ डिसेंबर

आज दिनकररावाचा माणूस निरोप घेऊन आला. निरोप असा: गर्डर काढून ठेवला आहे, तोलला आहे, वजन बरोबर आहे, आणि चन्नबसम्मानं माझ्या लोखंडावर संशय घेतला म्हणून तिनं दुकानात येऊन माफी मागितल्याशिवाय गर्डर परत बसणार नाही.

मी चक्रावले. गर्डर काढला? कधी? तर म्हणे गाडी हवा भरायला गेली तेव्हा तुमच्या घरूनच सांगणं आलं, आत्याबाईंना वजन तोलून पाहिजे. कंपनीची जुनी पट्टी तेवढी परत लावून दिली.

मी असं म्हणले होते का? आठवत नाही. पण मी इतकं बोलते की म्हणलेही असेन. संशय तर होताच.

बसवराज भडकला. "माय, जा आन दोन शब्द बोल. गाडी नागडी दिसायलीय."

मी जाणारच होते. खरंच. चपलाही घातल्या. तर गंगम्मा हळूच म्हणाली, "आत्याबाई, एक सांगू का? त्यानं चारचौघांत म्हणलं म्हणे, म्हातारीला काटा सुद्धा वाचता येत न्हाई, ती काय तोलणार."

मी चपला काढल्या. त्याचा गर्डर त्याच्या गळ्यात बांधा म्हणाव.

१६ डिसेंबर

बसवराजनं पुन्हा विषय काढला, मी जरा नरमले, तर गंगम्माला दिनकररावाचं आणखी एक बोलणं आठवलं. ही बाई एरवी माझी बाजू घेत नाही. वरणाच्या मिठावर घेत नाही, पाहुण्यांसमोर घेत नाही. आता चार दिवस माझ्या मानापानासाठी जीव टाकते आहे. यात काहीतरी आहे.

आणखी एक. बसवराज आज जेवताना म्हणाला, "तुझ्या नवसापायी मला रोज बैलावानी जुंपून घ्यावं लागतंय माय. फाट्यावरचे लोक हसायलेत."

"कोणता नवस?"

गंगम्माला ठसका लागला. पाणी दिलं, पाठ थोपटली, तोवर बसवराज उठून गेला. नंदीला विचारलं तर ती आईकडं बघते आणि म्हणते, "आज्जी, तुला माहीत नसतं का तुझाच नवस?"

आता हिच्यापुढं मला माहीत नाही असं कसं म्हणणार? देवाशी माझं रोज काही ना काही बोलणं चालू असतं, एखादा नवस निघून गेलाही असेल. पण मला असं वाटायला लागलं आहे की या घरात माझ्या नावानं आणखी एक म्हातारी फिरते. ती गर्डर तोलायला सांगते, नवस बोलते, आणि सगळे तिचं ऐकतात. माझं कोणी ऐकत नाही.

गाडीजवळ जाऊन काय ते बघून यावं असं मनात आलं. पण चिंचेखाली हरल्यापासून मी त्या जीपकडं पाठ केलेली आहे, आणि ती मी फिरवणार नाही.

२५ डिसेंबर

दोन दिवस वही उघडली नाही. लिहिणारी दवाखान्यात होती.

परवा सकाळी धुई पडली होती, गोदेकाठची दाट धुई, हात लांब केला तर बोटं दिसत नव्हती. बसवराज आणि नंदी निघाले. पुढच्या वस्तीवरची पोरं घ्यायची होती, म्हणून गाडीत दोघंच. ओढ्याच्या पुलावर उसाची ट्रॉली उभी होती, मागं ना दिवा ना चिंधी. ती दिसली तेव्हा उशीर झाला होता. बसवराजनं गाडी वळवली आणि ती पुलाच्या दगडी कठड्यावर समोरासमोर गेली.

आम्हाला कोणीतरी सायकलवर येऊन सांगितलं. मी पळत गेले. या वयात पळते हे मलाही माहीत नव्हतं. आधी गाडीच दिसली. तिला नाक उरलं नव्हतं. कंपनीची पट्टी, दिवे, वरचा पत्रा, सगळं चुरगाळून आत गेलेलं, पाय पडलेल्या भज्याच्या पुड्यासारखं. मी ते बघितलं आणि रस्त्यात बसले. कोणी म्हणत होतं, दोघंबी जित्ते हायत, सोनपेठला नेलं. मला खरं वाटलं नाही. अशा गाडीतून कोण जित्तं निघतं?

निघाले. बसवराजची एक बरगडी तडकली आहे. नंदीचा ओठ फाटला, खांदा सुजला आणि कपाळावर टेंगूळ आलं. तिला विचारलं, "बाई, कुठं लागलं तुला?" तर बोबड्या ओठानं म्हणते, "आज्जी, पुढं गादी होती."

डॉक्टर बसवराजचा सदरा कापत होते. छातीवर तिरका काळानिळा पट्टा उठला होता, चार बोटं रुंद. डॉक्टर म्हणाले, "यानं धरून ठेवलं म्हणून. न्हाईतर काचेतून बाहेर गेले असते." आणि हातातलं काहीतरी त्यांनी खाली टाकलं.

मी ते बघितलं. काय बघितलं ते मी सांगत नाही. नंदीच्या केसाला काहीतरी पांढरं चिकटलं होतं, तेही मी बोटानं काढलं आणि पदराला बांधलं. काय ते सांगत नाही.

गंगे, मान वर करू नको. लिही. पेन चालत नसेल तर थांब जरा. मी कुठं चालले आहे?

२८ डिसेंबर

बसवराजला घरी आणलं. माझ्या पलंगावर त्याला निजवणार होते, पण पायाकडून तो खाली जातो, म्हणून जमिनीवरच अंथरलं.

संध्याकाळी दिनकरराव बघायला आला. केळी आणली होती. बसला, हळहळला. मग चहा आला आणि त्याला जोर चढला. "मी सांगत न्हवतो? माझा गर्डर असता तर गाडीला खरचटलं बी नसतं. कठडा गेला असता वढ्यात."

जमलेल्या सगळ्यांनी मान हलवली. बसवराजही पडल्यापडल्या म्हणाला, "माय, तू दोन शब्द बोलली असतीस तर गाडी वाचली असती. आता दुरुस्त करताना आधी गर्डर बसवायचा. मी काय ऐकणार न्हाई."

मी दिनकररावाकडं बघितलं. माणूस वाईट नाही. त्यानं बसवलं ते पक्कंच बसवलं होतं.

"गाडीला खरचटलं नसतं," मी म्हणले. "खरं हाय दिनकरराव. मी माझ्या डोळ्यानं बघितलंय. आता मडक्यांचं सांगा."

"कोणती मडकी?"

"तुमच्या बायकोचं बी एक होतं त्यात."

कोणाला काही कळलं नाही. फक्त चुलीपाशी पितळी वाजत होती ती वाजायची थांबली.

३१ डिसेंबर

गर्डर बसवायचा नाही, असं मी आज जाहीर केलं. बसवराजनं कारण विचारलं.

"माझा नवस हाय."

"नवस तर पट्ट्याचा होता."

"त्याच नवसाचा हा दुसरा भाग. पट्टा बांधायचा, गाडीला डबड्याचं नाक ठेवायचं, आन काचेखालची गादी काढायची न्हाई. बाकड्यावर बसणाऱ्यांसाठी बी कायतरी शिवायचं. देवानं तुला वाचवला, आता तू देवाला फसवणार का?"

दिनकररावाला मी निरोप धाडला, की तोलाबद्दल माझी चूक झाली, लोखंड वजनाला बरोबर आहे, ते त्यानं आपल्या दुकानाच्या उंबऱ्याला लावावं.

गंगम्मा तिथंच उभी होती. माझ्याकडं बघत होती. मी म्हणले, "काय बघतीस? वरण उतू चाललंय."

११ जानेवारी १९९४

डायरी जुन्या सालाची आहे. गेल्या जानेवारीची पानं कोरी होती ती आता भरायला घेतली. तारीख जुळते, वार जुळत नाही. गंगम्मानं छापलेला सोमवार खोडून मंगळवार केला आहे.

आज येळवस. शेतात जायचं, कडब्याच्या खोपीत पूजा करायची, भज्जी-भाकर खायची, आंबील प्यायची. जीप परवाच दुरुस्त होऊन आली. नाक नवीन, पत्र्याचं. रंग मारू दिला नाही मी. काय ते उघड दिसू दे.

मी म्हणले, मी चालत जाते. बसवराज म्हणाला, "माय, आता तरी बस." नंदी म्हणाली, "आज्जी भितीय." मग बसले. पुढं, बसवराजच्या शेजारी. मांडीवर आंबिलाचं मडकं घेतलं, चुन्याच्या बोटांनी नक्षी काढलेलं, तोंडाला ज्वारीची कणसं बांधलेली.

गंगम्मा आली आणि खांद्यावरून पट्टा घेऊन माझ्या छातीवरून आडवा बांधायला लागली. निळी रेघ. अगदी माझ्या काळजावर हळदीचा डाग आला. मी त्यावर बोट ठेवलं. तिनं ते बघितलं. तिच्या गाठीवरचा हात थांबला.

"आवळ," मी म्हणले. "सैल ठेवू नगं. उंदीर कुरतडतात."

ती हसली नाही. डोळे पुसले आणि आवळलं.

रस्त्यात खड्डे होते. ओढ्याच्या पुलावर कठड्याच्या दगडावर आमच्या गाडीच्या रंगाचा ओरखडा अजून आहे. तिथं बसवराजनं एकदा जोरात ब्रेक मारला, समोर कुत्रं आलं होतं. मी पुढं गेले आणि मागं आले, मडकं मी दोन्ही हातांनी पोटाशी धरलं होतं. थोडी आंबील लुगड्यावर सांडली. मडकं शाबूत.

आता शेतातून आलोय, पोट भरलंय, झोप येते आहे. एवढंच शेवटचं लिही. ही वही बसवराज कधीतरी उघडून बघणार, तो नक्की बघणार, म्हणून लिही: नवार उंदरांनी नेली. कापूस कुठं गेला ते देवाला माहीत. गर्डर तोलायला मीच सांगितला होता आणि नवसही माझाच होता. बाकी म्हातारीला काही कळलं नाही.

लिहिलंस? असू दे. वाचून दाखवू नको.